अनंताकडे गेलेली लाट

लॅकलन पर्व्हिस निवृत्त झाला तेव्हा त्याची खुर्ची नव्या आलेल्या माणसाला मिळाली. त्या माणसाने विभागप्रमुखांचे आभार मानले, माझ्यासाठी कोरी खुर्ची मागवलीत म्हणून. दुकानाची चिठ्ठी गादीखाली तशीच चिकटलेली होती. माझ्या गोष्टींतलं निम्मं वजा करून ऐकावं असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला बजावते. तेव्हा खुर्ची वजा करा, पण गालिचा राहू द्या. लॅकलनच्या खोलीतला गालिचा दारापासून खिडकीपर्यंत एका पट्ट्यात इतका झिजला होता की खालच्या फळ्या दिसायच्या. झाडायला येणारी बाई त्या पट्ट्याला कालवा म्हणायची.

हा माणूस बसतच नसे. सूप उभ्याने प्यायचा, पेपर उभ्याने तपासायचा. एडिंबरोहून लंडनला जाताना गाडीच्या डब्यात येरझाऱ्या घालून निम्मं अंतर चालत जायचा आणि तिकीट मात्र पूर्ण काढायचा. त्याची बायको एफी म्हणायची, "लग्नात नवऱ्याला उभं राहावं लागतं, म्हणून तर हा लग्नाला तयार झाला."

मी ड्युगाल्ड मॅकेल्व्ही. गणिताच्या विभागात पाण्याचा माणूस एकटा मी. तळघरात माझी काचेची लांब टाकी होती. वरच्या मजल्यावरचे लोक लाटांची समीकरणं सोडवायचे, मी खाली लाटा काढायचो, आणि चहाच्या वेळेखेरीज आमचा एकमेकांशी संबंध येत नसे. लॅकलनची खोली माझ्या कागदपत्रांच्या खोलीला लागून होती, त्यामुळे त्याची पावलं मी आयुष्यभर ऐकली. सिद्धता जमत असेल तर पावलं एका तालात पडायची. अडली की खिडकीपाशी थबकायची, आणि मग मलाही काही सुचेनासं व्हायचं.

तो ज्या लाटेमागे होता तिच्याबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, नाहीतर त्याची तगमग कळायची नाही. साधी लाट म्हणजे गर्दी. उठते, पसरते, आपल्याच पायात अडखळून विरते. पण उथळ, सरळ कालव्यात कधी कधी पाण्याचा एकच गुळगुळीत फुगवटा निघतो. त्याच्या पुढे खळगा नाही, मागे खळगा नाही, आणि तो आकार न बदलता मैलोगणती चालत राहतो. दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच बाजूच्या कालव्यावर एका गृहस्थाने तो पाहिला, घोड्यावरून पाठलाग केला आणि वळणावळणांत गमावला. पुढे कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान सांगत होते की असं होऊ शकत नाही. मग अॅमस्टरडॅमच्या एका गुरूने आणि त्याच्या शिष्याने समीकरण मांडलं, तेव्हा होऊ शकतं असं ठरलं. मधल्या काळात पाण्याने काय करायचं हे त्याला कोणी कळवलं नव्हतं.

लॅकलनचा विषय त्याहून नाजूक. एकट्या लाटा दोन असल्या तर? जी उंच ती वेगवान, जी बुटकी ती सावकाश. उंच लाट मागून येऊन बुटकीला गाठते, दोघी एकमेकींत शिरतात आणि पलीकडे जशाच्या तशा बाहेर पडतात, जणू ओळखदेखही झाली नाही. फरक पडतो तो एवढाच की उंच लाट जिथे असायला हवी त्याच्या थोडी पुढे निघून गेलेली असते आणि बुटकी थोडी मागे सरलेली असते. थोडी म्हणजे किती, याचं सूत्र लॅकलनच्या फळ्यावर इतकी वर्षं होतं की फळा पुसला तरी वाचता यायचं. सूत्राच्या खाली कालवा म्हणून एक आडवी रेघ. तिच्या डाव्या टोकाला उणे अनंत, उजव्या टोकाला अधिक अनंत.

आणि या माणसाने ती लाट कधीही पाहिली नव्हती.

माझ्या टाकीत मी रोज काढायचो. बोटभर उंचीची असेल, पण लाट अस्सल. ये, बघ, असं मी शंभरदा म्हटलं असेल. तो तळघराच्या पायऱ्यांपर्यंत यायचा आणि तिथून परत फिरायचा. मासळीवाल्याच्या बर्फावर ठेवलेला मासा बघून नदीत मासा पाहिला असं मी म्हणणार नाही, असं त्याचं मत. त्याला ती उघड्यावर हवी होती, कालव्यात, आपणहून चालत येणारी. म्हणून संध्याकाळी घरी जाताना तो बस सोडून कालव्याच्या काठाने जायचा. पाणी गप्प असायचं. बदकं असायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

त्या वर्षी मे महिन्यात लाटांवर काम करणाऱ्यांची परिषद आमच्या गावात भरली. अॅमस्टरडॅमहून फेमके व्हॅन लून आली होती. उंच, मोकळ्या आवाजाची बाई. समीकरण आमचं, कालवा तुमचा, असं म्हणत सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत फिरायची. दुपारी जेवताना ती लॅकलनसमोर येऊन बसली, म्हणजे ती बसली आणि तो उभा होता.

"डॉक्टर पर्व्हिस, एक विचारू? दिसते कशी हो ती?"

लॅकलनने खिशातून पेन काढलं आणि हातपुसण्याच्या कागदावर तिचा आकार लिहायला घेतला.

"लिहू नका," फेमके म्हणाली. "सांगा."

त्याने पेनाचं टोपण लावलं. टेबलावरची मंडळी चमचे खाली ठेवून बघायला लागली. फेमकेच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वाईट स्वभावाची नव्हती ती, पण जीभ तिच्या ताब्यात नसायची. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही नुसत्या पत्रव्यवहारावर लग्न केलंत, आणि अजून बायकोचं तोंड बघायला गेला नाहीत."

सगळे हसले. लॅकलनही हसला. पण त्या दुपारी शेजारच्या खोलीतली पावलं एकदाही तालात पडली नाहीत. दार, खिडकी, दार, मध्येच थबकणं, पुन्हा खिडकी. शेवटी त्याने माझं दार ढकललं आणि हातातलं वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं. नव्या हमरस्त्यासाठी सोमवारपासून कालव्यात मातीचा बांध घालणार होते. पाणी खालून नळाने नेणार. म्हणजे एक सलग लांब कालवा संपला, दोन डबकी उरली.

"डूगी, शनिवार," तो म्हणाला. "शनिवारी नाही तर नाहीच."

मी म्हटलं, ठीक. कोणीतरी मला तळघरातून बाहेर काढेल याचीच वाट मी बघत होतो.

एकटी लाट उठवायची जुनी रीत अशी, की होडी घोड्याने जोरात ओढायची आणि एकदम थांबवायची. होडी थांबते, पण तिच्या नाकासमोर साठलेलं पाणी थांबत नाही, ते तसंच पुढे निघतं. सुरुवातीला तो नुसता ढिगारा असतो. त्याच्या पोटात किती लाटा आहेत ते त्याच्या आकारावर ठरतं, आणि हे ढिगारा बघून आधीच सांगता येतं, हीच तर या समीकरणाची खुबी. पुढे जाता जाता लाटा उंचीप्रमाणे सुट्या होतात, सगळ्यांत उंच ती पुढे. तेव्हा एकटी लाट बघायची तर होडीजवळ थांबून उपयोग नाही. दूर उभं राहायचं आणि ती आपल्याकडे यायची वाट पाहायची. लॅकलनने हिशेब करून बगळ्याचा पूल नक्की केला. होडीपासून अडीच मैल, होडीच्या बाजूला बरंच सरळ पाणी, पलीकडे लगेच वळण, काठावर गवताशिवाय काही नाही. कोणत्या क्षणी लाट पुलाखाली येणार तेही त्याने काढून ठेवलं.

विभागप्रमुख इन्स यांना ही कल्पना फारच आवडली. पाहुण्यांसाठी काहीतरी करायचंच होतं. त्यांनी पुलाच्या पुढे पाच मैलांवर, कालवा जिथे गावात शिरून दगडी धक्क्यापाशी संपतो, तिथे चहाचा बेत ठरवला. अगदी पाण्याच्या कडेला लांब टेबल, पांढरी चादर, डंडी केक, सॉसेज घातलेले पाव, आणि नगराध्यक्षांच्या बाईंना आमंत्रण. तिथे परिषदेचा समारोप होणार होता. लाटांचा अभ्यास करणारी साठेक माणसं त्या गावात होती. लाट ज्या कालव्यात सोडणार त्याच्याच टोकाशी टेबल लावू नये, हे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. मी माझा त्यांच्यात समावेश करतो.

घोडा मिळाला नॅन ऑचिंक्लॉसचा. नॅनबाई दूध पोचवायच्या, आणि त्यांचा करडा घोडा बिशप हा अख्ख्या तालुक्यात चालू ठेवायला सोपा आणि थांबवायला अशक्य म्हणून प्रसिद्ध होता. एकदा तो एका दारापुढे थांबायचं विसरला तेव्हा शेजारच्या गावाला फुकट दूध मिळालं, असं म्हणतात. असं मीच म्हणतो.

शनिवारी सकाळपासून लॅकलन पुलावर. मी त्याच्याबरोबर, कारण एकट्याला सोडलं तर तो चालत होडीपर्यंत जाईल आणि लाट त्याला वाटेत भेटेल, अशी एफीला भीती होती. आमच्याकडे भौतिकीवाल्यांचा एक वॉकी-टॉकी होता, दुसरा होडीत फेमकेकडे. लॅकलन पुलाच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जात होता. गवतात उतरत होता, परत चढत होता. पूर्वेकडून जास्त चांगलं दिसेल, नाही, पश्चिमेकडून, कारण ऊन डोळ्यांवर येणार नाही. मी फ्लास्कमधली थोडी व्हिस्की त्याला देऊ केली, त्याने ती घेतली आणि प्यायचं विसरून पेला कठड्यावर ठेवला. मग मीच ती वाया जाऊ दिली नाही.

पहिला प्रयत्न फसला. होडी वेळेवर थांबली, पण तिरकी होऊन लव्हाळ्यात घुसली. काही निघालं नाही. होडी बाहेर काढून दुसरा प्रयत्न सुरू झाला तो फेमके आम्हाला यंत्रातून ओरडून ओरडून सांगत होती. बिशप उधळला, दोर मध्येच सैल पडला, होडी अडखळली, आणि नॅनबाईंना घोडा आवरेना म्हणून त्यांनी तसाच सोडला. दोर पुन्हा ताणला, होडी पुन्हा सुटली, या वेळी काठावरच्या खुंटाला मागचा दोर बरोबर अडकला, आणि होडी अशी थांबली की फेमके होडीच्या नाकावर आडवी झाली.

"निघाली," यंत्रातून तिचा आवाज आला. धाप लागलेली होती, आणि आवाजात थट्टा अजिबात नव्हती. "निघाली, पर्व्हिस. अहो, काय सुरेख निघालीय ती."

लॅकलनने मनगटावरचं घड्याळ सुरू केलं. मी यंत्रात विचारलं, दोर सैल पडला तेव्हा काही निघालं होतं का? हो, ती म्हणाली, एक बारीकसा फुगवटा पुढे गेला, दोन बोटं असेल. मी लॅकलनला सांगितलं.

"ते सोड," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हटलं जातं. लहान आहे ना, मग सोड. त्याशिवाय कुठलंच समीकरण सुटत नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. लाटेची वाट बघणं हे पाहुण्याची वाट बघण्यासारखं नाही, पाहुणा दुरून दिसतो तरी. पाणी निवांत होतं. एक पाणकोंबडी इकडून तिकडे गेली. लॅकलन कठड्याला टेकला, सुटला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मला म्हणाला, आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. पलीकडे गेलो. मग म्हणाला, नाही, तीच बाजू बरी होती. परत आलो. त्याने काढलेला क्षण जवळ यायला लागला तसा तो घड्याळावर वाकला. त्याचा बेत असा होता, की काटा जागेवर येईपर्यंत काट्याकडे बघायचं, आणि बरोबर त्या क्षणी मान वर करायची. म्हणजे वाट बघताना डोळ्यांना थकवा नाही, आणि पहिलीच नजर लाटेवर.

मी पाण्याकडे बघत होतो, कारण मला दुसरं काम नव्हतं.

ती आली. पुलाखालच्या सावलीत शिरली, काठाचं गवत एकेक करून उचललं आणि खाली ठेवलं, आणि गेली. मी बोलायला तोंड उघडलं तोवर ती पुलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पुढच्या वळणाआड होती. किंवा मी तोंड उघडायला उशीर केला असेन. काही काही गोष्टी बघताना माणूस बोलायचं विसरतो.

लॅकलनने बरोबर वेळेवर मान वर केली.

"आता," तो म्हणाला.

पाणी सपाट होतं.

"गेली रे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मला असल्या थापांची सवय आहे हे त्याला माहीत होतं. मग त्याने पुलाच्या दगडाकडे पाहिलं. पाण्याच्या रेषेवर वीतभर ओला पट्टा चमकत होता. तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला, आणि मग खिशातून खडू काढला. त्याच्या खिशात खडू असायचाच, एफी कपडे धुताना शिव्या घालायची. पुलाच्या कठड्यावर त्याने आपलं ते जुनं सूत्र लिहिलं, त्यात उंच लाटेची उंची घातली, बुटकीची घातली, आणि उत्तर काढलं. एका होडीची लांबी. होडीने अडखळताना सोडलेल्या त्या दोन बोटांच्या लाटेला मोठीने वाटेत गाठलं होतं, तिच्यातून आरपार गेली होती आणि सूत्रात लिहिल्याप्रमाणे होडीभर पुढे सरकली होती. म्हणून काटा जागेवर यायच्या आधीच ती पुलाखालून गेली. जगात त्या अंतराचा हिशेब सगळ्यांत चांगला ज्याला येत होता त्याने तोच धरला नव्हता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. खडू त्याच्या बोटांत मोडला. "सूत्र बरोबर आहे."

होडीकडची मंडळी मिनीबसमधून आली, आरडाओरडा करत उतरली. फेमकेच्या हनुवटीला खरचटलं होतं. ती धावत पुलावर आली आणि विचारलं, "पाहिलीत?" लॅकलन हो म्हणू शकला असता. मी असतो तर हो म्हणून वर दोन मासेही उड्या मारताना पाहिले असते. तो नाही म्हणाला. कठड्यावरचा हिशेब दाखवला. फेमकेने तो वाचला. मग तिने नॅनबाईंना विचारलं, अजून एकदा होईल का. नॅनबाईंनी सांगितलं की बिशप आता आडवा पडलाय आणि तो आडवा पडला की सोमवारीच उठतो.

सोमवारी माती पडणार होती.

मंडळी बसमध्ये चढली. समारोपाची वेळ झाली होती, इन्स धक्क्यावर वाट बघत असणार. लॅकलन येत नाही म्हणाला. फेमकेने त्याचा हात धरून पाहिला, त्याने तो सोडवून घेतला, उद्धटपणे नव्हे. मी मागे राहिलो. कोणालाही, अगदी कोणालाही वाटलं नाही की अजून काही व्हायचं बाकी आहे. लाट गेली होती. फळ्यावरच्या रेघेवर ती उजवीकडे, अधिक अनंताकडे गेली होती, आणि तिकडे गेलेल्या गोष्टींबद्दल आमच्यात कोणी चौकशी करत नाही.

धक्क्यावर मी नव्हतो, त्यामुळे तिथलं मी जास्त तपशिलात सांगू शकतो. सगळे टेबलाभोवती पाण्याकडे पाठ करून उभे होते, कारण इन्स यांचं भाषण पाण्याच्या बाजूला पाठ केल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. आज आपण निसर्गात सिद्धान्ताचा विजय पाहिला, असं ते म्हणत असताना सिद्धान्त पाच मैल चालून आला. उभ्या भिंतीवर एकटी लाट आदळली की ती फुटत नाही. ती भिंतीवर चढते, जवळजवळ दुप्पट उंच होते, क्षणभर थांबते आणि वळते. क्षणभर थांबली तेव्हा ती टेबलावर होती. केक, चादर, पाव, इन्स यांचे चष्म्यासकट कागद आणि नगराध्यक्षांच्या बाईंची पिसांची टोपी घेऊन ती खाली उतरली, आणि बाई चिंब भिजून टाळ्या वाजवायला लागल्या, कारण त्यांना वाटलं हाच कार्यक्रम.

आमच्याकडे पुलावर शांतता होती. म्हणजे मी शांत होतो. लॅकलन पूल, गवत, पूल करत होता, पण आता कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, घरी चल, एफी वाट बघत असेल. तो म्हणाला, तिला काय सांगू. आणि तेवढ्यात माझ्या खिशातलं यंत्र खरखरलं.

"पर्व्हिस," फेमकेचा आवाज. मागे किंकाळ्या आणि हसणं आणि ताटल्यांचा आवाज. "पर्व्हिस, भिंत आहे. इथे भिंत आहे हो. ती परत निघालीय."

लॅकलनने यंत्र माझ्या हातातून घेतलं. मी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघू शकत होतो. आमचं समीकरण एकाच दिशेला जाणाऱ्या लाटांचं. उलट येणारी लाट त्यात नाहीच. मांडणी करतानाच ती बाहेर ठेवलेली असते. या माणसाने आयुष्यात ज्या लाटेचा एकदाही विचार केला नव्हता ती त्याच्याकडे येत होती.

सवयीने त्याने घड्याळ वर केलं. खिशात खडूचा तुकडा चाचपला. भिंतीचं अंतर, उंची, वेग, मला दिसत होतं की आकडे त्याच्या ओठांपर्यंत आले आहेत. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. आणि मी मागितलं तरी देऊ नकोस."

त्यानंतरचा वेळ मला पुन्हा नको. पाण्याकडे बघत उभं राहायचं ठरवलेला लॅकलन ही गोष्ट येरझाऱ्या घालणाऱ्या लॅकलनपेक्षा सोसायला कितीतरी कठीण होती. पाय जमिनीवर होते, पण गुडघे चालत होते. बोटं चालत होती. वाऱ्याने पाणी शहारलं की तो श्वास धरायचा. एकदा त्याने घड्याळ मागितलं. मी दिलं नाही. पुन्हा मागितलं, आणि जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, त्याचे वडील पाद्री होते.

मग वळणापाशी बदकं उचलली गेली. उडाली नाहीत, एकेक करून वर गेली आणि खाली आली, चर्चमध्ये उशिरा आलेल्याला वाट द्यायला लोक बाकावरून अर्धवट उठतात तशी.

आणि ती वळणावरून आली.

तिच्या बाजूने, काठावरून, फेमके सायकलवर येत होती. धक्क्याच्या रखवालदाराची सायकल, केस चेहऱ्याला चिकटलेले, कोपरापासून पाणी गळतंय, आणि ती लाटेच्या पुढेही जात नव्हती आणि मागेही पडत नव्हती. लॅकलनला फेमके दिसली असं मला वाटत नाही. तो कठड्यावर ओणवा झाला होता. लाट आली, काचेसारखी, मधोमध उन्हाची एक सबंध पट्टी घेऊन, कसलाही आवाज न करता. त्याच्या खालून गेली. तो पलीकडच्या कठड्याकडे धावला आणि ती बाहेर पडताना बघितली. तिच्या पाठीवर नगराध्यक्षांच्या बाईंची टोपी बसलेली होती असं मी सगळीकडे सांगतो. लॅकलन म्हणायचा, हे शक्यच नाही, लाट पुढे जाते, पाणी जागच्या जागी राहतं, टोपी धक्क्यापाशीच तरंगत राहिली असणार. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण टोपी मी पाहिली, तो दुसरीकडे बघत होता.

त्याने पुलावरून उतरून काठाने धावायला सुरुवात केली. त्याचा डावा गुडघा असा की जिने चढताना कुरकुरायचा. दहा पावलांत लाट पुढे गेली. फेमकेने सायकल थांबवून जमिनीवर पाय टेकला होता.

"द्या," लॅकलन म्हणाला, आणि तिने दिली.

सायकलवर मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्यावर कारण कळलं. तो जेमतेम लाटेच्या बरोबरीला पोचला. मान पूर्णपणे पाण्याकडे, हात दुसरीकडे, सायकल तिसरीकडे. दोघं लव्हाळ्याच्या वळणाआड गेले, आधी लाट, मग तो. थोड्या वेळाने काहीतरी मोठं पाण्यात पडल्याचा आवाज आला.

तो परत आला तो चालत, सायकल खांद्यावर, पुढचं चाक बादलीच्या कडीसारखं वाकलेलं, कमरेपर्यंत चिखल. इतका सावकाश चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. फेमके आणि मी गवतात उभे होतो. त्याने सायकल खाली ठेवली. गवत ओलं आहे का ते हाताने पाहिलं, जणू त्याचे कपडे कोरडे होते. आणि बसला. पाय पसरून, पाण्याकडे तोंड करून. सगळं शरीर जमिनीवर टेकवून बसला.

"फेमकेबाई," तो म्हणाला, "तुम्ही विचारलं होतंत. बसा. सांगतो."

ती बसली. मीही बसलो. मिनीबस आम्हाला शोधत आली, हॉर्न वाजवून वाजवून गेली, आणि शेवटी एफी शोधत आली, तरी त्याचं सांगणं चालू होतं. एफीने आधी त्याला बसलेला पाहिला आणि मला विचारलं, "पडला का रे हा?"

सोमवारी कालव्यात माती पडली. लाट तेव्हा कुठे होती, बांधाच्या अलीकडे की पलीकडे, मला माहीत नाही. माझी होडी अलीकडे बांधलेली असते आणि वारा नसताना मध्येच एकदा हलते, पण हे निम्म्यात धरा.

लॅकलनच्या खोलीत नवा गालिचा घातला, तो बरीच वर्षं टिकला. फळ्यावरच्या रेघेच्या उजव्या टोकाला त्याने एक छोटी उभी भिंत काढली. त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस, भले तो फीचं विचारायला आलेला असो, भिंत कसली म्हणून विचारायचा, आणि मग लॅकलन त्याला खाली बसवून सांगायचा. ती केवढी होती ते हाताने दाखवायचा. त्या दिवशी गवतात त्याने हात जमिनीपासून वीतभर धरला होता, मी तिथे होतो. नाताळात तो गुडघ्याला होता. पुढच्या हिवाळ्यात कमरेला. कितीही मैल गेली तरी जिची उंची बदलत नाही अशी ती लाट, हे त्यानेच सिद्ध केलेलं, आणि त्याच्याच तोंडून ती दर वर्षी वाढत गेली. त्याच्या निरोपसमारंभात हात खांद्याला लागला तेव्हा मी मध्ये बोललो. म्हटलं, लॅकलन, मीही पाहिली होती, एवढी नव्हती.

"तू कोण आम्हाला सांगणार," तो म्हणाला. "टोपी बघत होतास."